खोलीत फक्त तुम्ही होतात

वाचकाचं पत्र:

‘स. न. वि. वि. मी लेस्टरमध्ये एका छोट्या फौजदारी फर्ममध्ये सॉलिसिटर आहे. पुण्यात एलएलबी आणि इथे एलएलएम केलेली एक मुलगी माझ्या हाताखाली शिकतेय. पोलीस ठाण्यात जाऊन अशिलांना सल्ला देणारी मान्यताप्राप्त प्रतिनिधी व्हायचं तिने ठरवलंय. लेखी परीक्षा ती पहिल्याच फटक्यात पास झाली. दोन प्रकरणांत तिने माझं काम पाहिलं. पुढच्या दोन प्रकरणांत तिने काम करायचं आणि मी शेजारी बसून पाहायचं, त्यातलं एक नुकतंच झालं. अशिलाशी खाजगीत ती फार छान बोलली. पण पोलिसांच्या चौकशीत, म्हणजे इंटरव्ह्यूत, अधिकाऱ्याने आवाज चढवून एका दमात तीन-तीन प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि ही मान खाली घालून नुसती लिहीत राहिली. शेवटी मीच मध्ये पडले. परतताना गाडीत ती रडली. सहकारी म्हणतात, सगळे असेच शिकतात, पर्यवेक्षक म्हणून तिच्या नोंदीवर सही करून टाक. तिचा ग्रॅज्युएट व्हिसा संपायला नऊ महिने उरलेत. तिची आई पुण्याहून मला फोन करते, ताई म्हणते. मी सही करू का? की मी उगाच कडक होतेय? नाव छापू नये ही विनंती.’

स. न. वि. वि.

तुमच्या पत्रात ती मुलगी आहे, तिची आई आहे, सहकारी आहेत, व्हिसाची तारीखही आहे. त्या दिवशी तुमच्या दोघींच्या मध्ये बसलेला अशील मात्र कुठेच नाही. तो कोण होता, काय वयाचा होता, किती तास कोठडीत होता, त्या तीन-तीन प्रश्नांना तो काय बोलून गेला, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्हाला दोष द्यायला हे सांगत नाही. या कामाच्या पंचवीस वर्षांत माझ्याकडूनही हेच झालंय. शिकाऊ माणूस आपल्यासमोर रडतो, म्हणून तो आपल्याला दिसतो. अशील एक तर सुटून घरी जातो नाही तर कोर्टात जातो, आणि फाईल बंद होते.

इतर वाचकांसाठी थोडं आधी सांगते. इंग्लंड आणि वेल्समध्ये अटक झालेल्या प्रत्येकाला वकिलाशी खाजगीत बोलायचा हक्क आहे. १९८४ च्या पोलीस आणि फौजदारी पुरावा कायद्याच्या, म्हणजे आमच्या बोलीत ‘पेस’च्या, कलम ५८ ने तो दिला. पोलीस ठाण्यातला हा सल्ला मोफत असतो आणि इंटरव्ह्यू चालू असतानाही वकील शेजारी बसू शकतो. दर वेळी सॉलिसिटरच जातो असं नाही. त्याच्या वतीने मान्यताप्राप्त प्रतिनिधीही जातो, आणि त्यासाठी पोर्टफोलिओ म्हणजे केलेल्या प्रकरणांच्या नोंदी, लेखी परीक्षा आणि ‘क्रिटिकल इन्सिडेंट्स टेस्ट’ ही तोंडी परीक्षा अशा पायऱ्या चढाव्या लागतात. पोर्टफोलिओत नऊ प्रकरणं: दोन पाहायची, दोन देखरेखीखाली करायची, पाच एकट्याने. फक्त क्राउन कोर्टातच चालू शकतात अशा गंभीर गुन्ह्यांत, खून, बलात्कार, दरोडा वगैरे, प्रोबेशनरी, म्हणजे अजून पूर्ण मान्यता न मिळालेल्या, माणसाला सल्ला देता येत नाही.

ही योजना १९९० च्या दशकाच्या मध्याला आली, ती का आली हे त्या मुलीला तुम्ही कधी सांगितलंय का? नसेल तर आधी ते सांगा. १९८८ मध्ये कार्डिफला लिनेट व्हाइट या तरुणीचा खून झाला. स्टीव्हन मिलर नावाच्या माणसाची पाच दिवसांत मिळून तेरा तासांच्या आसपास चौकशी झाली. तीनशेहून जास्त वेळा तो नाही म्हणाला आणि शेवटी हो म्हणाला. त्याच्यासह तिघांना जन्मठेप झाली. १९९२ च्या डिसेंबरात अपील कोर्टाने त्या ध्वनिफिती ऐकून शिक्षा रद्द केल्या आणि पोलिसांवर कडक ताशेरे ओढले. पण तेवढ्यावर कोर्ट थांबलं नाही. त्या खोलीत सॉलिसिटर हजर होता आणि तो नुसता बसून राहिला, ही त्याचीही गंभीर चूक आहे, असं न्यायाधीशांनी स्पष्ट सांगितलं. खरा खुनी पुढे २००३ मध्ये पकडला गेला, तो भलताच कोणी होता. त्याच काळात संशोधकांनीही चौकशीच्या ध्वनिफिती ऐकून, खोल्यांत बसून दाखवून दिलं होतं की फर्म ठाण्यात अनेकदा न शिकवलेले कारकून पाठवतात आणि ते पोलिसांना अडवत नाहीत. ती गप्प खुर्ची बदलावी म्हणूनच ही परीक्षा आली. म्हणून तुमच्या पत्रातलं ‘नुसती लिहीत राहिली’ मला किरकोळ वाटत नाही.

आता तुमचा प्रश्न. आज सही करू नका. त्या प्रकरणाची नोंद पोर्टफोलिओत जायची असेल तर अमुक प्रश्नाला पर्यवेक्षकाला हस्तक्षेप करावा लागला, हे तिच्या हाताने त्यात लिहिलेलं असू दे. तसं लिहायची तिची तयारी नसेल तर ते प्रकरण बाजूला ठेवा. देखरेखीखालची दोन प्रकरणं ही किमान संख्या आहे, चार केली म्हणून कोणी तुम्हाला अडवत नाही.

इतक्या ठामपणे सांगते कारण पोर्टफोलिओ तपासणाऱ्या संस्थेतला परीक्षक कागद वाचतो. ही मुलगी हुशार आहे, तिचे कागद सुरेख असतील. कोठडीच्या नोंदवहीतून काय टिपलं, पोलिसांनी आधी काय सांगितलं, सल्ला कोणता दिला, सगळं नीट लिहिलेलं असेल. खोली त्याला दिसत नाही. खोलीत फक्त तुम्ही होतात. तुमची सही ही त्या खोलीबद्दलची एकुलती एक साक्ष आहे.

एकदा मी अशी सही केलीय. मुलगा गुणी होता, घरची ओढाताण होती आणि मला त्याचं चांगलं व्हावंसं वाटत होतं. नंतर एका दुकानफोडीच्या प्रकरणात तो एकटा गेला. अशील हेरॉइनचं व्यसन असलेला, अंगाला कंप सुटलेला. आमच्या मुलाने नर्सला बोलवायला सांगितलं नाही, इंटरव्ह्यू पुढे ढकला म्हटलं नाही. रात्री दोन वाजता तो माणूस विचारेल त्याला हो म्हणत गेला. खटल्याच्या वेळी बॅरिस्टरने ती ध्वनिफीत मला ऐकवली. चाळीस मिनिटांत आमच्या मुलाचा आवाज एकदाच येतो, सुरुवातीला, स्वतःचं नाव सांगताना. त्या अशिलाचा चेहरा मला आजही आठवतो. पर्यवेक्षक म्हणून माझी सही होती.

तरीही तुमच्या मुलीबद्दल मला आशा आहे. तिचं गप्प बसणं कुठून आलं असेल ते बघा. आपल्याकडे घटनेच्या कलम २२ ने अटकेतल्या माणसाला वकिलाचा हक्क दिला, पण चौकशीच्या वेळी वकिलाला भेटता येईल, मात्र पूर्ण वेळ नाही, असंच कायद्यात लिहिलंय. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४१-ड मध्ये होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८ मध्ये तेच आहे. पुण्यात शिकताना तिने चौकशीच्या खोलीत अधिकाऱ्याला थांबवणारा वकील पाहिलाच नसणार. शिवाय समोरचा साहेब, वयाने मोठा, आपण बाहेरून आलेलो, इंग्रजी आपली नाही. मीही नागपूरहून आले तेव्हा वाक्य आधी मराठीत जुळायचं, मग त्याचं इंग्रजी व्हायचं, तोवर अधिकारी दोन प्रश्न पुढे गेलेला असायचा.

म्हणून पहिली गोष्ट शोधायची ती ही: तिला ऐकू आलं की नाही? त्या इंटरव्ह्यूचं रेकॉर्डिंग मिळालं तर उत्तम, नाही तर तुमच्या दोघींच्या टिपणांवरून तिला विचारा, ‘तू कुठल्या प्रश्नाला थांबवायला हवं होतंस?’ ‘तुला कसं वाटलं’ असं विचारू नका, पुन्हा रडू येईल आणि हाती काही लागणार नाही. तिने पटकन सांगितलं की इथे एकदम तीन प्रश्न आले, इथे पोलिसांनी कॅमेऱ्यात दिसतोस म्हटलं पण आधी मला दाखवलं नव्हतं, इथे ‘तुझ्या मित्राने सगळं सांगितलंय’ म्हटलं, तर समजा कान तयार आहे, फक्त तोंड उघडत नाही. ते शिकवता येतं. पण तिला त्यात काहीच खटकलं नसेल, ‘अधिकारी विचारणारच ना’ असं ती म्हणाली, तर काळजी वेगळी आहे. मग देखरेखीखालचं पुढचं प्रकरण करूच नका, तिला आणखी महिनाभर तुमच्यासोबत नुसतं पाहायला न्या आणि दर इंटरव्ह्यूनंतर हाच प्रश्न विचारा.

तोंड उघडण्यासाठी दोन उपाय सांगते. एक, तिच्याकडून ‘पेस’खालच्या कोड सी या नियमावलीच्या सहाव्या भागाची टीप ६डी पाठ करून घ्या, अगदी शाळेतल्यासारखी. पोलीस ठाण्यात सॉलिसिटरचं काम एकच, अशिलाच्या कायदेशीर हक्कांचं रक्षण करणं आणि ते पुढे नेणं, असं त्यात सरळ लिहिलंय. त्यासाठी दिलेल्या सल्ल्याने सरकार पक्षाचा पुरावा कमी पडला तरी चालेल, असंही लिहिलंय. प्रश्न स्पष्ट करायला सांगणं, अयोग्य प्रश्नाला किंवा विचारण्याच्या पद्धतीला हरकत घेणं, उत्तर देऊ नको असा सल्ला देणं, इंटरव्ह्यू थांबवून पुन्हा खाजगीत बोलणं, ही सगळी परवानगी तिथेच आहे. आज्ञाधारक मुलीला नियम मोडायची भीती वाटते. बोलणं हाच नियम आहे हे तिला छापलेलं दिसू दे. मर्यादाही तिथेच आहे: अशिलाच्या वतीने उत्तरं देऊ लागलात, त्याला लिहून दिलेली उत्तरं वाचायला लावलीत, तर बाहेर काढलं जाऊ शकतं. त्याच्या अलीकडे बरीच मोठी जागा आहे.

दुसरा उपाय आवाजाचा. तिला चार-पाच इंग्रजी वाक्यं तयार करून द्या, छोटी, सभ्य, जशीच्या तशी तोंडात बसणारी. ‘वन क्वेश्चन अ‍ॅट अ टाइम, प्लीज, ऑफिसर.’ ‘दॅट हॅजन्ट बीन डिस्क्लोज्ड टू मी.’ ‘आय नीड टु स्पीक टु माय क्लायंट इन प्रायव्हेट.’ मग ऑफिस सुटल्यावर पंधरा मिनिटं तुम्ही अधिकारी व्हा, ओरडा, टेबलावर हात आपटा. क्रिटिकल इन्सिडेंट्स टेस्टही अशीच असते: समोर माणूस नसतो, ध्वनिमुद्रित प्रसंग ऐकू येतो आणि तिने तिथल्या तिथे मोठ्याने उत्तर द्यायचं असतं. विचार करून उद्या सांगते, ही सोय नाही. लेखीत पहिली आलेली मुलं इथे अडखळतात ती यामुळेच.

तुमच्याबद्दलही एक विचारते. आवाज चढल्यापासून तुम्ही मध्ये पडेपर्यंत किती वेळ गेला? मनाने सांगू नका, टिपणांत बघा. तुम्ही इतक्या लगेच बोललात की तिला जागाच उरली नाही, असंही घडतं, मी केलंय. पुढच्या वेळी तिला तुमचा चेहरा दिसणार नाही अशी खुर्ची घ्या. ती तुमच्याकडे वळून बघते आणि तुम्ही भुवई उंचावता, एवढ्यानेही मूल्यमापन वाया जातं. कशाकशाला तुम्ही बोलणार हे मात्र आधी तिच्याशी ठरवा: अशिलाला इजा होणार असेल, तो आजारी दिसत असेल, कबुली देऊन बसायची वेळ आली असेल, तर तुम्ही क्षणही थांबू नका. तो माणूस आपल्या शिकवणीसाठी तिथे बसलेला नाही. आणि ही शिकतेय, मी देखरेखीला आहे, हे त्याला इंटरव्ह्यूआधी नीट सांगितलेलं असायला हवं.

खाजगी सल्ल्यात ती छान होती असं तुम्ही लिहिलंत. तिथेही थोडं खोल बघा. गोड बोलणं आणि चांगला सल्ला यांत फरक असतो. अशिलाचं ऐकायच्या आधी तिने पोलिसांकडून काय काय मागितलं होतं? ते सगळं देणार नाहीत, इंटरव्ह्यूआधी सगळा पुरावा दाखवायचं बंधन त्यांच्यावर नाही. पण ‘कॅमेऱ्याचं चित्रण आहे का, साक्षीदाराने काय सांगितलं’ हे विचारून, नकार आला तर तो वेळेसकट लिहून ठेवणं तिच्या हातात आहे. १९९४ च्या फौजदारी न्याय आणि सार्वजनिक सुव्यवस्था कायद्याच्या कलम ३४ नंतर गप्प बसायलाही किंमत पडते. चौकशीत न सांगितलेली गोष्ट खटल्यात सांगितली तर ज्युरी त्यावरून प्रतिकूल अर्थ काढू शकते. तेव्हा बोलायचं, ‘नो कॉमेंट’ म्हणायचं की लिहिलेलं निवेदन वाचून मग गप्प राहायचं, यातला कुठला रस्ता निवडला त्यापेक्षा का निवडला हे तिच्या वहीत सापडलं पाहिजे.

कॉन्ड्रन नवरा-बायकोचं प्रकरण तिला वाचायला द्या. दोघंही हेरॉइनचे व्यसनी. पोलिसांचा डॉक्टर म्हणाला, इंटरव्ह्यूला ठीक आहेत. त्यांच्या सॉलिसिटरला तसं वाटलं नाही, म्हणून त्याने गप्प राहायचा सल्ला दिला. ते गप्प राहणं खटल्यात त्यांच्या विरोधात वापरलं गेलं. अपील १९९६ मध्ये फेटाळलं गेलं, आणि ज्युरीला दिलेली सूचना अपुरी होती म्हणून खटला न्याय्य झाला नाही, असं स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने २००० मध्ये सांगितलं. त्या रात्री सॉलिसिटरला काय वाटलं होतं हा प्रश्न वर्षानुवर्षं कोर्टात चघळला गेला. तिच्या टिपणांबद्दलही कुणी एक दिवस विचारेल, या हिशेबाने ती टिपणं तपासा.

लेस्टरला आहात म्हणून एक जास्तीचं. अशील गुजराती किंवा हिंदी बोलणारा असला की आपली मुलं मदतीच्या भरात त्याचं बोलणं अधिकाऱ्याला इंग्रजीत सांगायला लागतात. हे होऊ देऊ नका. दुभाषा आणणं पोलिसांचं काम आहे. खाजगीत ती त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलली तर छानच, पण इंटरव्ह्यूत दुभाषी झाली की तिची वकिलीची खुर्ची रिकामी पडते. हे दिसलं तर लगेच खूण करून ठेवा.

उलट प्रकारचे शिकाऊही भेटतात, दर प्रश्नाला हरकत घेणारे, अधिकाऱ्याशी भांडून अशिलापुढे शौर्य दाखवणारे. तुमची मुलगी त्यातली नाही, तेव्हा त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

राहिला व्हिसा. नऊ महिने कमी नाहीत, पण तिला तारखा आज सांगा. देखरेखीखालचं प्रकरण केव्हा, त्यात जमलं तर एकट्याची पाच केव्हा, टेस्टची तारीख केव्हा. या महिन्यात जमलं नाही तर भागीदारांशी तिच्या पुढच्या कामाबद्दल कधी बोलणार, हेही सांगा. फर्ममध्ये खटल्यांची तयारी, फाईली, अशिलांच्या भेटी असं पुष्कळ काम असतं आणि त्यात ती चांगली असू शकते. व्हिसासाठी जे करता येईल ते फर्मकडून, वकिलाकडून जरूर करा. फक्त ती गोष्ट सहीच्या कागदावर येऊ देऊ नका.

आणि तिच्या आईशी याबद्दल एक शब्दही बोलू नका. तुम्हाला अवघड जाईल, ताई म्हणणाऱ्या माणसाला गोलमोल उत्तर देववत नाही. ‘ते तिलाच विचारा, वहिनी’ एवढं म्हणा आणि पुण्याच्या पावसाबद्दल विचारा. मुलगी पंचविशीची आहे, तिचं यशापयश घरी कधी आणि कसं सांगायचं हा तिचा हक्क आहे.

तिच्याशी बोलाल तेव्हा गाडीत नको, ऑफिसात, दार लावून, दिवसाउजेडी. आधी तिने खाजगी सल्ल्यात काय बरोबर केलं ते नेमकं सांगा, नुसतं ‘छान’ नको. मग टिपणं उघडून तो पहिला तिहेरी प्रश्न दाखवा आणि तिला तिथे जे म्हणायचं होतं ते मोठ्याने म्हणायला लावा. दहा वेळा म्हणेना का. त्या अशिलाचं पुढे काय झालं हेही दोघी मिळून शोधा, त्याची जामिनाची तारीख असेल तर तिला तुमच्यासोबत न्या. आणि पुढचा इंटरव्ह्यू झाला की मला कळवा. तिने कितव्या मिनिटाला तोंड उघडलं आणि काय म्हणाली, तेवढं लिहिलंत तरी पुरे.

आपली,
सदरलेखिका